प्रेशर वॉशर घेण्याआधी बादली भरून बघा

घरगुती प्रेशर वॉशर, म्हणजे गाडी-फरशी धुवायला पाण्याची जोरदार धार मारणारं मशिन, बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यापायी. नळाची धार बारीक असते, जाळीत गाळ साचलेला असतो, पाइपात हवा राहते, नाहीतर गन बंद ठेवून मोटर तशीच फिरत राहते. पंपातून पाणी गळू न देणारी सीलं पाण्यानेच थंड राहतात आणि पाण्यानेच ओली राहतात. पाणी तुटलं की ती कोरडी घासली जातात आणि बघता बघता जळतात. खोक्यावर मात्र ‘बार’चा, म्हणजे दाबाचा, आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो आणि दुकानात बोलणंही त्याच्याभोवतीच फिरतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी तुमचं पाणी, मग तुमची वीज, त्यानंतर मशिन.

पाणी मोजा

२० लिटरची बादली घ्या. ज्या नळाला मशिन जोडणार त्याच नळाखाली ठेवा, तोटी पूर्ण उघडा आणि वेळ लावा. घरगुती मशिनला मिनिटाला साधारण ५.५ ते ७ लिटर पाणी लागतं. बादली २ मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर मिळतात, निर्धास्त जोडा. ३ मिनिटं लागली तर जेमतेम भागेल. ४ मिनिटं लागली तर मिनिटाला ५ लिटरच येतात, आणि तो नळ थेट जोडायच्या कामाचा नाही. हे दोनदा करा: एकदा सकाळी, आख्ख्या इमारतीचे नळ चालू असताना, आणि एकदा दुपारी.

मुंबईच्या इमारतींत खरा फरक मजल्याने पडतो. पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं आणि १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब तयार होतो. सात मजली इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये त्यामुळे २ बारच्या आसपास दाब मिळतो. पण गच्चीवरच्या नळाला, टाकीतलं पाणी त्याच्यापेक्षा २ मीटर उंच असेल तर, फक्त ०.२ बार. टाकीला टेकून उभे असता आणि दाब मात्र इमारतीत सगळ्यात कमी तिथेच. गच्ची किंवा टेरेस फ्लॅट धुण्यासाठी मशिन घेत असाल तर पिंपातून पाणी ओढू शकणारंच घ्या. सगळी मशिनं ते करत नाहीत. माहितीपुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. नळाला येतं ते भातसा, तानसा, वैतरणाहून आणून शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी. तलाव खाली गेले आणि कपात लागली की मशिन बाजूला ठेवायचं. सोसायटीची बोअरवेल असेल तर फरशी आणि गाड्यांसाठी तेच पाणी योग्य, पण आधी चव घेऊन थुंकून टाका. समुद्राजवळच्या भागात बोअरचं पाणी अनेकदा खारट असतं, आणि ते पंपात राहिलं की ॲल्युमिनियमचे भाग पांढरे पडून खाल्ले जातात. असं पाणी वापरलंच तर शेवटची २ मिनिटं नळाच्या गोड्या पाण्यावर मशिन चालवा.

‘या मशिनने पाणी वाचतं’ असं विकणारे सांगतात. मिनिटाला ६ लिटर धरले तर १० मिनिटं ट्रिगर दाबून ६० लिटर जातात. उघडा पाइप सोडून गाडी धुणाऱ्यापेक्षा हे कमी आहे. दोन बादल्या आणि फडक्यात गाडी धुणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

वीज

१८०० वॉटचं मशिन २३० व्होल्टवर जवळपास ८ अँपिअर ओढतं. म्हणजे मोबाईलचा चार्जर लागतो तो ६ अँपिअरचा छोटा सॉकेट चालणार नाही. गीझर-एसीला असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. कन्व्हर्टर पिन लावून छोट्या सॉकेटमध्ये घुसवलेला प्लग आधी गरम होतो, मग पिवळा पडतो, मग वितळतो.

पार्किंगमध्ये पॉइंट नसतो म्हणून एक्स्टेन्शन येतंच. १५ मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्या, त्याहून लांब असेल तर २.५ ची. रीळवाली केबल पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. जोड जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर किंवा खुंटीला टांगा. ही वायर सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेणार असाल तर आधी सेक्रेटरींना विचारा.

आणि आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळाली की लगेच पुरवठा तोडणारा बोर्डावरचा स्विच. हातात पाणी, पायाखाली पाणी, शेजारी वीज, अशा कामाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर मशिन चालू करू नका. बोर्डावरचं ‘टेस्ट’ बटण दाबा, खटकन वीज गेली पाहिजे. जुन्या इमारतींत आणि चाळींत बऱ्याचदा आरसीसीबी नसते, अर्थिंगची तारही कुठेतरी तुटलेली असते. वायरमनला बोलावून ते आधी करून घ्या. हा खर्च मशिनच्या किमतीत धरा.

खोक्यावरचे आकडे तपासा

एक छोटं गणित लक्षात ठेवा: बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००. उत्तर येतं ते पाण्याला मिळणारी शक्ती, किलोवॉटमध्ये. १०० बार आणि ६ लिटर म्हणजे १ किलोवॉट. मोटर १५०० वॉटची असेल तर हे पटण्यासारखं आहे, कारण मोटर आणि पंपात काही शक्ती वाया जातेच. आता कोणी १८०० वॉटच्या मोटरवर २२० बार आणि ८ लिटर लिहिलं असेल, तर गणित २.९ किलोवॉट सांगतं. विजेतून जेवढं आत आलं त्याहून जास्त बाहेर पडू शकत नाही. तो आकडा कमाल दाबाचा आहे, म्हणजे गन बंद असताना क्षणभर चढणारा, आणि लिटरचा आकडा भलत्याच वेळचा. ‘रेटेड’ किंवा ‘वर्किंग’ दाब शोधा. तो कुठेच लिहिलेला नसेल तर मशिन परत ठेवा.

गाडी, स्कूटर, बाल्कनी एवढंच असेल तर ८० ते १०० बार वर्किंग दाब भरपूर झाला. गच्चीवरचं पावसाळी शेवाळ, कोबा, कंपाउंडची फरशी यासाठी ११० ते १३० बार. त्यापुढे घरात गरज पडत नाही, नुकसान मात्र सहज होतं.

मोटर दोन प्रकारची येते. युनिव्हर्सल मोटर म्हणजे मिक्सरमध्ये असते ती जात: हलकी, स्वस्त, कर्कश, कार्बन ब्रश झिजणारी. १५-२० मिनिटांनी तिला विश्रांती लागते. इंडक्शन मोटर जड असते, आवाज घुमणारा पण कमी, आणि नीट वापरली तर वर्षानुवर्षं जाते. किंमत बरीच जास्त. महिन्यातून दोनदा गाडी धुणाऱ्याने युनिव्हर्सल घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. दर आठवड्याला तासभर चालवणार असाल, किंवा भिंतीपलीकडे तान्हं बाळ झोपत असेल, तर इंडक्शनच. उचलून बघूनही कळतं: त्याच वॉटचं एक मशिन ६-७ किलोचं आणि दुसरं १५-२० किलोचं असेल तर दुसऱ्यात इंडक्शन मोटर असण्याची शक्यता मोठी.

बाकीचं भराभर बघून घ्या. पंप हेड धातूचं आहे का. गन सोडली की मोटर आपोआप थांबते का. हाय प्रेशर पाइप किमान ८ मीटर आहे का, कारण ५ मीटरच्या पाइपाने गाडीभोवती फिरताना मशिन फरफटत न्यावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या मॉडेलचं सील किट, गन आणि नोझल सुटं मिळतं का. ते मिळत नसेल तर मशिन कितीही स्वस्त असलं तरी पहिल्या गळतीला भंगारात जाणार.

पहिल्यांदा चालू करताना

इथे घाई केली की पंपाचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. क्रम असा ठेवा:

१. पाणी आत शिरतं त्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती आहे आणि स्वच्छ आहे हे बघा.
२. नळापासून मशिनपर्यंत अर्धा इंची ब्रेडेड पाइप लावा, क्लिपा आवळा. जोडात रबरी वायसर नीट बसला पाहिजे, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा.
३. हाय प्रेशर पाइप आणि गन जोडा. नोझल अजून लावू नका.
४. नळ पूर्ण उघडा. मोटर बंदच ठेवून ट्रिगर दाबा आणि धरून ठेवा. आधी फुसफुस होईल, मग पाणी तुटक येईल, मग बुडबुडे थांबून सलग धार लागेल. याला अर्धा ते एक मिनिट लागतं. पंपातली हवा अशी बाहेर जाते.
५. ट्रिगर सोडा, लॉक लावा, नोझल बसवा. ‘टक’ आवाज आल्यावर ओढून बघा. अर्धवट बसलेलं नोझल गोळीसारखं सुटतं.
६. आता प्लग लावा, स्विच चालू करा, दोन्ही हातांनी गन धरून ट्रिगर दाबा. हाताला झटका बसतो, शिडीवर उभं राहून हे काम करायचं नाही ते त्यामुळेच.

मोटर आपोआप थांबणारी असली तरी मधे चहाला जाताना मेन स्विच बंद करा. आपोआप न थांबणाऱ्या मशिनमध्ये गन सोडल्यावर तेच पाणी पंपात गोल फिरत राहतं आणि तापतं. दोन-तीन मिनिटांच्या वर ते तसं ठेवू नका.

पिंपातून पाणी ओढताना

नवख्यांची जास्तीत जास्त फजिती इथे होते. साधा बागेचा पाइप चालत नाही, ओढीने तो चपटा होतो. आतून स्प्रिंगसारखा पीळ असलेला सक्शन पाइप घ्या, लांबी ३ मीटरच्या आत. तळाला जाळी आणि उलटं पाणी न सोडणारा व्हॉल्व्ह हवा. पाइप आधी अख्खा पिंपात बुडवून पाण्याने भरा, अंगठ्याने तोंड दाबून मशिनला जोडा.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे पिंप मशिनपेक्षा उंच ठेवायचं. दणकट लोखंडी स्टँडवर ५० लिटरचं पिंप ठेवलं की पाणी स्वतःच पंपाकडे उतरतं आणि ओढायचं काम उरतच नाही. पिंप प्लास्टिकच्या स्टुलावर मात्र ठेवू नका, भरल्यावर ते ५० किलोच्या वर जातं. जोडाच्या क्लिपा नेहमीपेक्षा घट्ट आवळा: ज्या फटीतून पाणी बाहेर येत नाही तिच्यातून हवा आत शिरते, आणि धार धडधडायला लागते. पिंप तळाला जाण्याआधी थांबा.

धुताना

नोझलचं भोक साधारण १ मिलिमीटरचं असतं. १०० बारला त्यातून पाणी ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतं. रंगीत नोझलांचा संच मिळाला असेल तर लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळं १५ अंशांचा पंखा, हिरवं २५, पांढरं ४०, आणि काळं साबणासाठी, कमी दाबाचं. लाल नोझल डब्यातच राहू द्या. घरात त्याचं काम नाही.

सुरुवात नेहमी पांढऱ्याने, लांबून. गाडीला ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ नेऊ नका. रंगाचा पोपडा सुटलेला असेल तर धार त्याच्या कडेखाली शिरते आणि रंग सोलत जाते. टायरच्या बाजूंनाही तेच अंतर, तिथलं रबर आतून फाटलं तर बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात मडगार्डच्या आत आणि गाडीच्या पोटाखाली चिखल बसतो, समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाडीला खाऱ्या वाऱ्याची भर. मशिनचा खरा उपयोग तिथे आहे. स्कूटरला मात्र चाकाचे बेअरिंग, स्विच, सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टरचा डबा सोडून धुवा.

साबण गाडीचा शॅम्पूच. ॲसिड, ब्लीच, टॉयलेट क्लीनर मशिनच्या साबणाच्या टाकीत ओतलं की सीलं गेलीच समजा. साबण कोरड्या गाडीवर खालून वर मारा, ३-४ मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका, मग वरून खाली धुवा.

गच्चीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मुंबईत असंख्य गच्च्यांवर विटांच्या कोब्यावर चायना मोझॅक असतं, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे आणि मधे व्हाइट सिमेंट. उन्हाने ते सिमेंट आधीच भुसभुशीत झालेलं असतं. जवळून धार मारली की शेवाळासकट सांध्यातलं सिमेंट निघतं, आणि गच्ची झकास पांढरी दिसते. मग जूनमध्ये खालच्या घराच्या छताला ओल येते. आधी सांध्यावरून नखाने ओढून बघा. नखाला भुकटी लागली तर मशिन बाजूला ठेवा आणि ताठ खराटा घ्या. भुकटी लागली नाही तर ४० अंशांचं नोझल, हातभर अंतर, आणि धार सांध्याच्या रेषेत नाही तर आडवी. कोटा, कडप्पा, सिमेंटची फरशी यांना २५ अंश आणि २० सेंटिमीटर चालतं. शेवाळ पाऊस संपल्यावर, ओलं असतानाच काढा, वाळलं की दुप्पट वेळ लागतो.

मंगलोरी कौलं, तडे गेलेलं प्लास्टर, मच्छरदाणीची जाळी, सोलर पॅनल आणि एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्या यांना हात लावू नका. खिडकीचं ग्रिल धुताना खाली कोणाचे कपडे वाळताहेत का बघा, आणि खालच्यांना आधी सांगा.

धार कधीही अंगावर, पायावर मारू नका, चप्पल धुण्यासाठीसुद्धा नाही. पायात बंद बूट, डोळ्यांना चष्मा. कातडीत धार शिरली तर बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि फारसं दुखतही नाही, पण आत पाणी आणि घाण खोलवर गेलेली असते. त्यावर मलमपट्टी करून थांबू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात लगेच जा आणि ‘प्रेशर वॉशरने लागलं’ हे स्पष्ट सांगा.

काम झाल्यावर

साबण वापरला असेल तर साध्या पाण्यावर एक मिनिट चालवा. मग स्विच बंद, नंतर नळ बंद, नंतर ट्रिगर दाबून आतला दाब सोडा, आणि मगच पाइप काढा. दाब असताना पाइपाची चकती फिरत नाही, लोक पक्कड लावतात आणि प्लास्टिक तुटतं.

महिन्यातून एकदा पाणी आत शिरतं त्या तोंडाची जाळी काढा. जोड उघडला की आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची टोपी दिसते, तिला धरायला बारीक कडी असते. पक्कडीने अलगद सरळ ओढा, पिळू नका. टाकीतली तांबूस माती आणि पाइपातल्या गंजाचे कण तिच्यावर बसलेले दिसतील. जुन्या टूथब्रशने, आतून बाहेर पाणी सोडत घासा. पांढरा क्षार असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा. जाळी फाटली असेल तर नवी येईपर्यंत मशिन वापरू नका. ओ-रिंगांना, म्हणजे जोडांतल्या रबरी कड्यांना, थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस नको, त्याने काही रबरं फुगतात.

पावसाळ्यात मशिन जूनपासून सप्टेंबरपर्यंत तसंच पडून राहिलं की दमट हवेत पिस्टन आणि सीलं चिकटतात. दर तीन-चार आठवड्यांनी २ मिनिटं पाण्यावर फिरवा. ठेवताना जमिनीपासून वीतभर उंच, पाइप मोठ्या वेटोळ्यात. कापडाने झाका, प्लास्टिकने नाही, आत घाम धरतो. केबल वर टांगा, उंदीर आधी तीच कुरतडतात.

बिघाड कसा ओळखायचा

धार धडधडते, कमी-जास्त होते: आधी आत येणारं पाणी आणि जाळी बघा, मग हवा काढा. तरी तसंच असेल तर नोझलच्या भोकात कण असतो. नोझल काढून बारीक सुईने समोरून ढकला आणि समोरूनच पाणी सोडा.

गन बंद असूनही मोटर दर काही सेकंदांनी उचल खाते: कुठेतरी दाब गळतोय. गन, पाइप, जोड यांवर बोट नव्हे, कोरडा कागद फिरवा. ओला झाला तिथली ओ-रिंग बदला. बाहेर कुठेच गळत नसेल तर आतल्या व्हॉल्व्हखाली कचरा आहे, ते मेकॅनिकचं काम.

मोटर नुसती घूं करते, फिरत नाही: लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. एक्स्टेन्शन काढून थेट भिंतीच्या पॉइंटला लावून बघा. ट्रिगर दाबून मग सुरू करा. तरी घूं असेल तर पिस्टन चिकटले आहेत किंवा इंडक्शन मोटरचा कपॅसिटर गेला आहे.

मोटर छान फिरते पण जोर नाही: नोझल साबणाच्या स्थितीवर राहिलं आहे का, हे पहिलं. दुसरं, भोक झिजून मोठं झालं आहे का; नवं नोझल लावून बघितलं की कळतं.

पंपाखाली मधूनमधून एखादा थेंब पडणं चालतं, बारीक धार लागली तर सीलं संपली. तेलाचा पंप असेल आणि तेल दुधी झालं असेल तर पाणी तेलात शिरतंय, त्या दिवसापासून मशिन चालवू नका.

मुंबईत ओ-रिंगा, सीलं, पाइपांचे जोड यासाठी मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट, आणि सॉकेट, केबल, आरसीसीबीसाठी लोहार चाळ. ओ-रिंग घ्यायला जाताना जुनी, फाटकी का होईना, सोबत न्या. आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळलं पाहिजे. हाय प्रेशर पाइप फाटला तर त्यावर क्लिप किंवा टेप लावून चालवू नका, नवाच घ्या, आणि त्यावर छापलेला दाब तुमच्या मशिनच्या कमाल आकड्यापेक्षा जास्त आहे हे दुकानातच वाचून घ्या.